पुतळाबाईचा आदर्श पाठ

चिंचाळी कोळीवाड्यात लोकांचं एकमेकांशी बोलणं बंद झालं, तेव्हा आमचं केंद्र सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. केंद्राचं पूर्ण नाव 'ग्रामीण युवक व शिक्षक प्रशिक्षण केंद्र' असं होतं. ते पाटीवर मावलं नाही म्हणून शेवटचा शब्द रंगाऱ्याने पाटीच्या मागच्या बाजूला लिहिला होता. बोरिवलीच्या बंदरावरून तरीने खाडी ओलांडली की मिठागरं लागत. त्यांच्या टोकाला मिठाचं एक रिकामं गुदाम होतं, तेच केंद्र. गुदामाच्या एका अंगाला वरला पाडा, दुसऱ्या अंगाला खालचा. संस्थेच्या अंधेरीच्या ऑफिसातल्या लोकांनी जागा मध्यवर्ती आहे म्हणून निवडली होती. पुढे ती फारच मध्यवर्ती ठरली.

मी केंद्राचा संचालक होतो. या कामाला मी योग्य आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं आणि आता म्हातारपणी मागे वळून पाहतानाही तसं खात्रीने म्हणवत नाही. अर्ज केला तेव्हा जागा ग्रंथपालाची आहे अशी माझी समजूत होती. शिकवावं कसं यावरची पुस्तकं मी पुष्कळ वाचली होती. माणसांशी बोलावं कसं यावर चांगलं पुस्तक मला मिळालं नव्हतं.

भांडण होड्यांवरून होतं. खालच्या पाड्यातल्या काहींनी होड्यांना इंजिनं बसवली होती. वरला पाडा अजून शिडावर होता. हे लोक समुद्रात खुंट रोवून त्यांना मोठाली जाळी बांधून ठेवतात. एका पहाटे इंजिनाची एक होडी शिडवाल्यांच्या जाळ्यांवरून गेली. इंजिनवाल्यांचं म्हणणं, अंधारात जाळी दिसली नाहीत. शिडवाल्यांचं म्हणणं, ती आजोबांच्या काळापासून तिथेच आहेत, दिसायचं काय त्यात. किनाऱ्यावर वल्ह्यांनी मारामारी झाली, काहींची हाडं मोडली, बोरिवलीहून पोलीस आले. पोलीस परत गेल्यावर दोन्ही पाड्यांनी आपापली जमात, म्हणजे पंचायत, बसवली आणि एकमेकांना न विचारता एकच ठराव केला. पलीकडच्यांशी बोलायचं नाही. जो बोलेल त्याच्याशी आपल्यातलंही कुणी बोलणार नाही, त्याला आपल्या होडीवर घेणार नाही, आपल्या होडीची मासळी देणार नाही. म्हणजे त्या माणसाला आख्ख्या गावात बोलायला कुणी उरणार नाही. यातला बोलण्याचा भाग मला स्वतःला फार कडक वाटला नाही, पण गावात त्याचीच दहशत जास्त होती.

केंद्रात दोन्ही पाड्यांची मुलं-मुली होती. शिवाय जव्हार-मोखाड्याकडचे काही प्राथमिक शिक्षक राहायला होते. त्यांचे पहिले काही दिवस निरोप पोचवण्यात गेले. "त्याला सांगा खडू इकडं दे." "त्याला सांगा मागून घे." शिक्षक दमले आणि त्यांनी लेखी तक्रार केली की आपण सुतारकाम आणि बालमानसशास्त्र शिकायला आलो आहोत.

या सगळ्यात जानकी होती. ती वरल्या पाड्यातली मुलगी आणि खालच्या पाड्यातली सून. आमच्याकडे बालवाडी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेत होती. तिचा नवरा लहू युवक वर्गात इंजिनदुरुस्ती शिकत होता. बोलणं बंद झालं तेव्हा तिला नुकतेच दिवस गेले होते. तिची आई पुतळाबाई विधवा होती, बोरिवलीच्या बाजारात मासळी विकायची. मासळी मिळायची ती दिराच्या, हरेश्वर नाखव्याच्या होडीवरची, आणि हरेश्वर नाखवा हाच वरल्या जमातीचा पाटील. आई आणि मुलगी रोज विहिरीवर एकमेकींना पाहत, पाणी भरत आणि परत जात.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही चिंचाळीची रीत. पण मुलगी आपणहून जात नाही. आईने सासूसमोर उभं राहून पोर तोंडाने मागावी लागते आणि सासूने तोंडाने 'ने' म्हणावं लागतं. मान हलवून चालत नाही. न मागता गेलेल्या मुलीला सासरी परत यायला तोंड राहत नाही आणि तिच्या मुलालाही जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. जानकीची सासू अंजनाबाई वाईट बाई नव्हती. पण तिचा सख्खा भाऊ काशीराम खालच्या जमातीचा पुढारी होता. आधी कोण तोंड उघडणार आणि उघडल्यावर त्याचं काय होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जानकीचे दिवस मात्र कुणासाठी थांबले नव्हते.

आता सराव पाठाबद्दल सांगायला हवं. शिक्षक होऊ पाहणाऱ्याने वर्गासमोर पाठ घ्यायचा आणि बाकीच्यांनी पाहायचं, अशी पद्धत असते. भांडणामुळे गावाने आपली पोरं केंद्रात पाठवणं बंद केलं, तेव्हा प्रशिक्षणार्थींनाच बाकांवर बसवून विद्यार्थी करावं लागलं. अध्यापनाच्या पुस्तकात याला मान्यता आहे. पाठाच्या पायऱ्या ठरलेल्या असतात: आधी प्रस्तावना, मग हेतुकथन, मग विषयाचं विवेचन, मग उपयोजन, शेवटी गृहपाठ. सुरुवातीला घंटा, शेवटी घंटा. प्रश्न नेहमी साऱ्या वर्गाला विचारायचा, थोडं थांबायचं, मग उघड्या तळहाताने एकाकडे निर्देश करायचा. बोट दाखवायचं नाही. त्याने उठून पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं.

वरल्या पाड्यातल्या चंदूने 'होडीचा नांगर' या विषयावर पाठ घेतला. चंदू हुशार होता, मला जरा जास्तच हुशार वाटायचा. विवेचनात त्याने विचारलं, "मुलांनो, एखाद्याचा नांगर दुसऱ्याच्या दोरात अडकला आणि दोर कापावा लागला, तर तो नांगर कोणाकडे सापडेल?" आणि उघडा तळहात लहूकडे केला. लहू उठला. "तो नांगर आमच्या पडवीत सापडेल," असं म्हणाला आणि बसला. मी वहीत 'उत्तर पूर्ण वाक्यात' असा शेरा लिहिला. संध्याकाळी चंदूचा मोठा भाऊ लहूच्या पडवीतून काही न बोलता नांगर घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरेश्वर नाखवा केंद्रात आला. त्याला येताना पाहून दुसऱ्या दाराने काशीराम आला. मी मध्ये बसलो. दोघं माझ्याकडे पाहून बोलत होते. गेल्या कित्येक वर्षांत माझ्याकडे इतक्या लक्षपूर्वक कुणी पाहिलं नव्हतं.

"गुर्जी," हरेश्वर म्हणाला, "काल चंदूनं लहूला इचारला. लहूनं जबाब दिला. यो बोलना झाला का नय?"

"चंदूने लहूला नाही विचारलं. वर्गाला विचारलं."

"वर्गान लहू व्हता."

"लहू तिथे विद्यार्थी होता."

"लहूला मिशा हायत."

"पाठापुरता विद्यार्थी."

काशीरामने घसा साफ केला. "गुर्जी, त्याला सांगा, आमचा लहू कोनाशी बोलला नय. त्यानं परीक्षेचा काम केला."

"त्याला सांगा, मंग नांगर कसा गावला?"

मी कुणालाच काही सांगितलं नाही. पुस्तक काढलं आणि प्रश्नांचं प्रकरण वाचून दाखवलं. ते थोडं लांब आहे. दोघं मान न हलवता ऐकत होते. पुस्तकाचं असं ऐकणारं मला ट्रेनिंग कॉलेजातही कुणी भेटलं नव्हतं. वाचून झाल्यावर हरेश्वरने पुस्तक हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाला की पाठ म्हणजे बोलणं नव्हे, असं धरता येईल. पण अटी हव्यात. नाव घ्यायचं नाही. पायरी चुकवायची नाही. पहिली घंटा ते शेवटची घंटा एवढ्यातच काय ते, घंटेबाहेर एक शब्दही नाही. काशीराम माझ्याकडे पाहून म्हणाला, "त्याला सांगा, आमची बी हीच अट व्हती. आमी आदी बोलनार व्हतो."

त्यानंतर आमच्या सराव पाठांना गर्दी होऊ लागली. आधी खिडक्यांपाशी माणसं उभी राहत, मग मागच्या बाकांवर येऊन बसू लागली. 'भरती-ओहोटी' या पाठात उतारावर आधी कुणाच्या होड्या ओढायच्या ते ठरलं. 'बर्फाचे उपयोग' या पाठानंतर दोन्ही पाड्यांचा बर्फ एकाच टेम्पोतून येऊ लागला. 'आपले शेजारी' या पाठात वातावरण थोडं तापलं, पण तेवढ्यात उपयोजनाची पायरी आली आणि सगळे सावरले. पायऱ्यांबाबत गाव माझ्यापेक्षा कडक होतं. जव्हारच्या शिवदास मास्तरांनी एकदा हेतुकथन न करता विवेचन सुरू केलं, तर मागच्या बाकावरून म्हातारे कोळी उठून उभे राहिले. मास्तरांना पाठ पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागला. त्यांचा विषय 'गाय' होता आणि त्यात कुणाचं काही गुंतलेलं नव्हतं, तरीही.

अंधेरीहून देखरेखीला आलेल्या शुभाताई हे पाहून भारावल्या. त्यांनी अहवालात 'समाजाचा उत्स्फूर्त सहभाग' असं लिहिलं. मी त्यांना खरं सांगणार होतो, पण त्यांच्या तरीची सुटायची वेळ झाली होती.

जानकीचं पोट आता लपत नव्हतं. अंगण ओलांडताना ती कमरेवर हात ठेवून मध्येच थांबायची. ती स्वतः पाठात विचारू शकली असती, पण मुलीने आपलं आपण मागायचं नसतं. चंदूने तिच्या वतीने विचारलं असतं, पण मागायचं ते आईनेच.

एका दुपारी पुतळाबाई माझ्या खोलीत आली. टेबलावर पानात गुंडाळलेले दोन पापलेट ठेवले आणि समोर उभी राहिली. मी मासे खात नाही असं सांगितलं.

"मंग मांजरीला घाल," ती म्हणाली. "गुर्जी, मना पाट घ्याचा हाय."

"पाठ प्रशिक्षणार्थीच घेऊ शकतात, पुतळाबाई."

"मंग मना कर तो."

"चौथी पास लागते. आणि वय पस्तिसाच्या आत."

"माजा वय मना ठाव नय. तुला ठाव हाय?"

मला ठाऊक नव्हतं. पण तिचे केस मला दिसत होते, आणि मला दिसतात हे तिलाही दिसत होतं.

"बाकीचे लोक काय म्हणतील?" मी विचारलं. "उद्या हे बोलणं आहे असं ठरलं तर नाखवा तुम्हाला मासळी द्यायचा नाही."

"नय देनार. म्हनून तर पाट घ्याचा. नय तर दारान उबी राहून दोन शब्द बोलले असते, तुज्याकडं कंला आले असते?"

ती गेल्यावर मी नियमावली काढली. त्यात 'आदर्श पाठ' असं एक कलम होतं. केंद्राच्या संचालकाने बाहेरच्या तज्ज्ञ व्यक्तीस आमंत्रित करून तिचा पाठ ठेवावा. तज्ज्ञ कोणाला म्हणावं हे कलमात नव्हतं, ते संचालकाने ठरवायचं होतं. माझ्या नोकरीतला हा भाग मला कधीच आवडला नाही. मी ठरवत राहिलो. खिडकीतून जानकी अंगण ओलांडताना दिसली. ती दोनदा थांबली. मग मी चंदूला बोलावून सांगितलं की पुतळाबाईंना आदर्श पाठाचं आमंत्रण दे आणि पायऱ्याही समजावून दे. चंदू म्हणाला, "पायऱ्या तिला पाठ आहेत, सर. ती एक महिना खिडकीत उभी आहे." मी तिला खिडकीत पाहिलं होतं. ती मासळी विकायला येते असा माझा समज होता.

पाठाच्या दिवशी गुदाम भरलं. डावीकडे वरला पाडा, उजवीकडे खालचा, जव्हारचे मास्तर मध्ये. जानकी उजवीकडे पुढच्या बाकावर होती. उभं राहायला जागा उरली नाही म्हणून अंजनाबाई टोपली मांडीवर घेऊन मागच्या बाकावर टेकली. ती फक्त बघायला आली होती, असं ती शेजारणीला तीनदा म्हणाली.

पुतळाबाईने घंटा दिली. विषय होता 'बोंबील वाळवणे'. शैक्षणिक साधन म्हणून तिने ओल्या बोंबलांची एक टोपलीच आणली होती.

"मुलांनो," ती हरेश्वरकडे पाहत म्हणाली, "बोंबील कोनी कोनी खाल्लाय?"

सगळे हात वर झाले. माझा नाही.

"आज आपन बोंबील कसा वालवाचा ता शिकनार हाव." हे हेतुकथन. मागचे म्हातारे समाधानाने मागे टेकले.

मग तिने दोन बोंबील हातात घेतले, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला आणि ती जोडी दोन खुर्च्यांना बांधलेल्या दोरीवर टाकली. एक बोंबील दोरीच्या अलीकडे, एक पलीकडे.

"एकला बोंबील दोरीवर टाकला तर कं व्हईल?"

ती थांबली आणि तळहात एका मास्तरांकडे केला. "एकटा बोंबील दोरीवरून खाली पडेल," मास्तर म्हणाले. जव्हारला बोंबील वाळवत नाहीत, पण उत्तर बरोबर आलं. काशीराम छपराकडे पाहू लागला.

विवेचन नीट पार पडलं. मला त्यात दोष काढता आला नाही आणि मी काढायचा प्रयत्न केला होता, कारण वहीत काहीतरी लिहावं लागतं. मग उपयोजन आलं.

"आता," पुतळाबाई म्हणाली आणि बोंबील खाली ठेवले. "पोरीची पयली खेप आसंल, तर तिनं कुटं ऱ्हावाचा?"

हरेश्वर माझ्याकडे पाहून म्हणाला, "गुर्जी, यो बोंबलाचा पाट हाय."

"उपयोजनात व्यवहारातलं उदाहरण चालतं," मी म्हणालो. हे पुस्तकात आहे.

पुतळाबाईने उघडा तळहात पुढे केला. तो जानकीच्या डोक्यावरून, सगळ्या बाकांवरून थेट मागच्या बाकावरच्या अंजनाबाईकडे गेला. अंजनाबाई हलली नाही. शेजारणीला म्हणाली, "मी बगाला आलंय." पुतळाबाई काही बोलली नाही, कारण पायरीत ते बसत नव्हतं. ती हात तसाच धरून उभी राहिली. विद्यार्थ्याला विचार करायला अवधी द्यावा, असं पुस्तकात आहे, पण किती ते नाही. जानकी मागे वळली नाही, समोरच्या बोंबलांकडे पाहत होती.

अंजनाबाईने टोपली खाली ठेवली आणि उठली.

"आईकडं."

"पूर्न वाक्यान," पुतळाबाई म्हणाली.

"पयल्या खेपंला पोरीनं आईकडं ऱ्हावाचा आसतं."

"मंग आईनं पोर मागली, की द्या माजी पोर, तर सासूनं कं बोलाचा?"

अंजनाबाई अजून उभीच होती. तिने भावाकडे पाहिलं नाही. "सासूनं 'ने' असा बोलाचा आसतं," ती म्हणाली, आणि मग, कदाचित वाक्य पुरेसं पूर्ण झालं नाही असं वाटून, पुन्हा म्हणाली, "ने."

"बस," पुतळाबाई म्हणाली. "गृहपाट. ज्यांनी उत्तर दिला त्यांनी ता घरी जाऊन करून बगाचा."

तेव्हा काशीराम उठला. तो चिडलेला नव्हता. नियम पाळला जातोय ना, एवढंच त्याला पाहायचं होतं. "गुर्जी, गृहपाट घरी करतात. घर घंटेच्या भाईर हाय. भाईर एक बी शब्द नय, असा ठरलाय. पोर तिच्या घरी गेली, माजी भइन नातवंड बगाला गेली, तिथं बोलली, तर यो पाट का बोलना?"

"बरोबर हाय," हरेश्वरने माझ्याकडे पाहून सांगितलं. पाठाच्या अटी ठरल्या त्यानंतर दोघांचं एकमत मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

सगळं गुदाम माझ्याकडे पाहू लागलं. मी पुस्तक उघडलं. गृहपाठावर अर्धं पान होतं, तेही बहुतेक अक्षर सुवाच्य असावं याबद्दल. मी पान उलटलं. पुढे शब्दसूची होती.

"पुस्तकात यावर काही नाही," मी म्हणालो. "माझं मत असं आहे..."

"तुमचा मत?" काशीरामने विचारलं.

"हो."

"तुमाला हाय?"

"माझं मत असं आहे की गृहपाठ हा पाठाचाच भाग आहे. तो पाचव्या पायरीत येतो. तो तपासून झाल्याशिवाय पाठ पुरा होत नाही, आणि पाठ पुरा झाल्याशिवाय शेवटची घंटा देता येत नाही."

हरेश्वरने यावर विचार केला. "तपासनार कोन?"

"ज्यांनी दिला त्यांनी."

"आनि घंटा?"

"तीही त्यांनीच."

सगळ्यांनी पुतळाबाईच्या हाताकडे पाहिलं. घंटा तिच्या हातात होती. तिने ती टोपलीत ठेवली, वर बोंबील रचले, टोपली डोक्यावर घेतली आणि वरल्या पाड्याच्या दाराने निघून गेली. लोक काही वेळ बसून राहिले, कारण घंटा झाली नव्हती. मग एकेक जण उठला.

त्याच संध्याकाळी जानकी आईकडे गेली. तिचं गाठोडं लहूने गुदामाच्या दारापर्यंत आणलं आणि पुढे चंदूने नेलं. महिनाभरात मुलगी झाली. अंजनाबाई नात बघायला वरल्या पाड्यात गेली, तिथे बसली, चहा प्यायली आणि परतायला तिला उशीर झाला, कारण बोलण्यासारखं बरंच साठलं होतं. हरेश्वरने कुणालाही काही म्हटलं नाही. पुतळाबाईची मासळी चालू राहिली. फक्त तो एकदा मला वाटेत गाठून म्हणाला, "तपासला का तिनं?" मी म्हणालो, त्यांनाच विचारा. त्याने विचारलं असावं, कारण काही दिवसांनी पुतळाबाई मला बाजारात म्हणाली, "सगल्यांना घाई झालीय. बारीक तपासाला लागतं."

पाठोपाठ इतरांनीही आपापल्या पाठांत गृहपाठ द्यायला सुरुवात केली. काही जाळ्यांबद्दल होते, काही लग्नांबद्दल. तपासलेला एकही माझ्या पाहण्यात आला नाही.

चौऱ्याहत्तर साली केंद्र बंद झालं. 'गावातील बहिष्कार केंद्राच्या प्रयत्नांमुळे उठला' असं अंधेरीच्या शेवटच्या अहवालात आहे. ते बरोबर नाही. दोन्ही जमातींनी तो ठराव आजवर मागे घेतलेला नाही, निदान माझ्या कानावर तसं आलेलं नाही.

बंद करताना सामान मोजून द्यायचं होतं, त्यात घंटा कमी पडली. मी पुतळाबाईकडे गेलो. ती अंगणात मासळी वाळवायच्या वलांडीच्या बांबूंवर बोंबील टाकत होती, दुसऱ्या बाजूने अंजनाबाई टाकत होती, आणि दोघी जानकीच्या दिराच्या लग्नावरून वाद घालत होत्या. जानकीची मुलगी पायरीवर बसून घंटा हलवत होती. आवाज येत नव्हता. जवळ जाऊन पाहिलं तर आतल्या लोलकाला कोळी लुगड्याची चिंधी गच्च गुंडाळून दोऱ्याने बांधली होती.

मी कागदावर 'घंटा: वापरात' असं लिहिलं आणि परत आलो.